वणव्यात टिकणारं घर कसं बांधाल?

शिमग्याच्या सुमारास कोकणातले डोंगर पेटू लागतात. वणव्याच्या ज्वाळा भिंतीला भिडण्याआधीच वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्या घर पेटवू शकतात. म्हणून बांधताना प्रत्येक कोपरा पाहून ठरवा: इथे निखारा पडला तर काय पेटेल?

आधी जागा. आग चढावर पळते. ढाळ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. घर उताराच्या कडेवर नको, मागे घ्या. उताराकडे चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपणभिंत, घाला. वाळक्या काट्यांची वई स्वस्त पडते, पण आग तिच्यावरूनच दारापर्यंत येते.

भिंती जांभ्याच्या असतील तर काळजी नाही. जीव लावायचा तो छपराला. कौलं जळत नाहीत, पण पागोळीच्या ओळीखाली पोकळी राहते. तिथे पाचोळा साठतो, उंदीर घरटी करतात, आणि ठिणगी नेमकी तिथेच शिरून रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, पेटवते. ती पोकळी सिमेंट-वाळूने बुजवा. झरोक्यांना दोन-तीन मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी बसवा, नायलॉनची वितळते. माळ्यावर पेंढा, गोवऱ्या नकोत, काजूची टरफलं तर मुळीच नकोत, त्यांत तेल असतं.

वासे लोखंडी घ्यावेत असं अनेकांना वाटतं. पण साडेपाचशे अंशांच्या आसपास लोखंडाची ताकद जवळपास निम्मी होते आणि ते वाकतं. जाड सागवानी तुळई मात्र बाहेरून मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर कोळसा होत जाते, आतला गाभा भार पेलत राहतो. जुनी तुळई धड असेल तर ती काढू नका.

भिंतीपासून पाच फुटांत फरशी, खडी किंवा मोकळी माती एवढंच असू द्या. लाकडाची रास निदान तीस फूट लांब, पेंढ्याची उडवी त्याहून लांब. उन्हाळ्यात झावळ्यांच्या मांडवाशिवाय खळ्यात, म्हणजे अंगणात, बसवत नाही हे खरं, पण तो पडवीला टेकवू नका. त्यापेक्षा कौलांची पडवीच वाढवा.

गवत पुरतं वाळण्याआधी शेजाऱ्यांना घेऊन बागेभोवती जाळरेषा काढा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा.

पाण्याची टाकी उंचावर हवी, कारण आगीत वीज गेली की पंप बंद. पाइप आढ्यापर्यंत पोचेल एवढा लांब घ्या, शिडी बाहेरच ठेवा. वणवा पुढे सरकला तरी काही तास माळा आणि पन्हळी पुन्हा पुन्हा तपासत राहा.