स्लॉथला हात लावण्याआधी या चुका टाळा

स्लॉथ हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत झाडांवर राहणारा, अतिशय संथ सस्तन प्राणी. त्याला कडेवर घेतलेल्या पर्यटकांचे फोटो पाहिलेत, तर त्यांत एक गोष्ट हमखास सापडते. माणूस हसत असतो, स्लॉथही हसत असतो आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘बघा, कसा बिलगलाय!’ सगळ्यात मोठी चूक तिथेच होते आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

‘तो हसतोय’ असं समजणं

स्लॉथ दोन प्रकारचे असतात, तीनबोटी आणि दोनबोटी. तीनबोटी स्लॉथच्या चेहऱ्याची ठेवणच तशी असते. तोंडाच्या कडा वर वळलेल्या असतात आणि डोळ्यांपासून मागे काळपट पट्टे गेलेले असतात. तो घाबरलेला असो, उपाशी असो किंवा आजारी असो, चेहरा तोच राहतो. त्यामुळे चेहरा बघून त्याच्या मनात काय चाललंय हे ठरवायला जाऊ नका.

शांतपणाबद्दलही असाच घोळ होतो. कुत्र्याला हात नको असेल तर तो गुरगुरतो, मांजर ओरबाडून पळून जाते. स्लॉथच्या हातात यातलं फारसं काही नसतं. तेवढ्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने त्याच्या अंगात स्नायू बरेच कमी असतात. त्याचं पोट मुख्यतः पानांवर चालतं आणि पानांतून ऊर्जा फार थोडी मिळते. वरून हार्पी गरुडाची भीती, खालून जग्वार आणि ऑसेलॉट या रानमांजराची. अशा शत्रूंपुढे पळून काही साधत नाही, नजरेत न येणं हाच उपाय. म्हणून संकट आलं की तो थिजतो. माणसाने उचलल्यावरही तो हेच करतो, आणि आपण त्याला ‘माणसाळलेला’ म्हणतो.

‘मिठी’चंही तसंच. झाडावर राहणाऱ्या प्राण्याची पकड सुटली तर तो खालीच पडणार. म्हणून जे हाताशी येईल ते तो घट्ट धरतो, मग ती फांदी असो, दोर असो की तुमचा खांदा.

मग तो अस्वस्थ आहे हे ओळखायचं कसं? ब्राझील आणि पेरूमधल्या ॲमेझॉनच्या भागात पर्यटकांच्या हाती दिल्या जाणाऱ्या तीनबोटी स्लॉथचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हाताळले जात असताना दोन गोष्टी वारंवार दिसल्या: आजूबाजूला सतत बघत राहणं आणि पाय ताणणं. अभ्यासकांनी या दोन्ही गोष्टी भीती आणि ताणाशी जोडल्या. असा एखादा व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघा. आधी मान हळूहळू एका बाजूला वळते, मग दुसऱ्या बाजूला. तीनबोटीच्या मानेत आठ-नऊ मणके असतात (आपल्या मानेत सात), त्यामुळे अंग न हलवता तो जवळजवळ पाठीमागेही बघू शकतो आणि ही टेहळणी बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मग पुढचा एक पाय हवेत लांब होतो, बोटं उघडतात, नख्यांना काहीच लागत नाही. धरणारा माणूस तो पाय पुन्हा खाली दाबतो. खाली प्रतिक्रिया असते, ‘हाय करतोय!’ मला असे व्हिडिओ आता शेवटपर्यंत बघवत नाहीत.

‘मंद आहे, काही करणार नाही’

स्लॉथच्या मूळ प्रदेशाबाहेर, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या बाहेर, पैसे घेऊन हात लावू देणाऱ्या ठिकाणी बहुतेक दोनबोटी स्लॉथ असतात. तीनबोटी बंदिवासात सहसा टिकत नाही, त्याचा आहार जमवणं फार अवघड असतं. (मागच्या पायाला दोघांनाही तीनच बोटं असतात. फरक पुढच्या पायांत आहे.) दोनबोटी हा मुख्यतः रात्री जागणारा प्राणी. दिवसाच्या भेटीच्या वेळा लावायच्या तर त्याला झोपेतून उठवावं लागतं.

आणि तो चावतो. त्याचे पुढचे दात सुळ्यांसारखे लांब आणि धारदार असतात, जखम खोल होते. तोंड उघडून फुस्स असा आवाज केला, तर तो शेवटचा इशारा समजा. त्यानंतरचा फटकारा अजिबात मंद नसतो. मुलांना त्याच्यासोबत पिंजऱ्यात बसवणं मला तरी बेजबाबदारपणाच वाटतो.

‘फक्त एकदा पाठीवरून हात फिरवते’

स्लॉथच्या केसांत हिरवं शेवाळ वाढतं, पतंग राहतात, इतरही बारीक जीव असतात. पावसाळी जंगलात या हिरवट झाकेमुळे तो पानांत मिसळून जातो. पर्यटकाच्या हातावर असतं सनस्क्रीन आणि डास पळवणारं औषध. एका माणसाच्या एका स्पर्शाने काय होतं, असं प्रत्येकालाच वाटतं. पण रांग तिथे दिवसभर चालू असते.

खायला घालणंही टाळा. पान पोटात गेल्यापासून पचून बाहेर पडेपर्यंत कित्येक दिवस लागतात, कधी आठवडेही. इतक्या संथ पोटात भलतंच काही गेलं तर ते पटकन बाहेर पडत नाही.

जमिनीवर दिसला म्हणून उचलणं

ही चूक चांगल्या मनाने होते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा झाडावरून खाली उतरतो, तेही शी करण्यासाठी. तीनबोटी बुंध्याशी येतो, आखूड शेपटीने छोटा खड्डा करतो, काम उरकतो आणि पुन्हा वर चढतो. म्हणजे झाडाखालचा स्लॉथ आजारीच असेल असं नाही. चार पावलं मागे सरका, कुत्रं सोबत असेल तर त्याला लांब न्या आणि बघत राहा. नदीत दिसला तरी बुडतोय असं समजून ओढून काढू नका. तो उत्तम पोहतो, जमिनीपेक्षा पाण्यात त्याचा वेग कितीतरी जास्त असतो.

डांबरी रस्त्यावर मात्र गोष्ट वेगळी. त्याचे पाय चालण्यासाठी बनलेलेच नाहीत. नख्या पुढे कशात तरी रोवून तो अंग ओढत नेतो आणि गुळगुळीत डांबरात नखी रुतत नाही. तिथे आधी गाड्या थांबवा, स्वतः सुरक्षित राहा आणि त्याला स्वतःहून पार जाऊ द्या. खूपच वेळ लागत असेल किंवा वळणावर धोका असेल, तर एक जाड, मजबूत फांदी त्याच्या पुढच्या पायांजवळ धरा. तो ती पकडतो. फांदीसकट, आपल्या अंगापासून लांब ठेवून, तो जिकडे निघाला होता त्याच बाजूच्या झाडाशी न्या. उलट बाजूला सोडलात तर तो पुन्हा त्याच रस्त्यावर उतरेल. मान धरून, एका पायाने ओढून किंवा पोटाला कवटाळून उचलू नका.

रक्त दिसत असेल, कुत्र्याने धरलं असेल किंवा फांदी समोर धरूनही तो पकडत नसेल, तर प्रशिक्षित माणसांना बोलवा. कोस्टा रिकामध्ये तातडीच्या मदतीसाठी 911 लावतात. विजेच्या तारेवर स्लॉथ दिसला, तर काठीने ढोसू नका आणि झाडही हलवू नका. तारेत वीज असेपर्यंत तुमच्याही जिवाला तितकाच धोका आहे.

एकटं पिल्लू घरी नेणं

मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि साधारण सहा महिने ते आईला चिकटून असतं. त्या काळात कुठली पानं खायची हेही ते तिच्याकडूनच शिकतं. खाली पडलेलं पिल्लू दिसलं, तर पहिल्यांदा वर बघा. आई बहुतेक वेळा त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर असते. पिल्लाला पाणी, दूध काही देऊ नका आणि बचाव केंद्राला कळवा. काही केंद्रांत पिल्लाचा आवाज रेकॉर्ड करून आईच्या झाडाखाली वाजवतात, तिला खाली यायला लावतात आणि दोघांची भेट घडवतात. पिल्लू दुसऱ्या गावी गेलं की हे करणं जवळजवळ अशक्य होतं.

‘बचाव केंद्र’ असं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणं

पाटी बघू नका, एकच प्रश्न विचारा: पाहुण्यांना प्राणी हातात घेता येतो का? ‘हो’ म्हणाले तर परत फिरा. प्राण्यांना जंगलात परत सोडायचं असेल, तर त्यांना माणसांची सवय लागू नये म्हणून धडपडावं लागतं. बंदरावर किंवा बाजारात स्लॉथ घेऊन उभा असलेला माणूस तर सरळच जंगलातून काढलेला प्राणी दाखवत असतो. तिथे पैसे दिलेत की पुढच्या प्राण्याची मागणी तुम्हीच नोंदवता. कोस्टा रिकाने 2019 मध्ये वन्यप्राण्यांसोबतच्या सेल्फीविरुद्ध सरकारी मोहीम काढली आणि 2021 मध्ये स्लॉथला राष्ट्रीय प्रतीकाचा दर्जा दिला. तिथल्या जंगलात चांगला वाटाड्या आणि दुर्बीण सोबत असली, की स्लॉथ झाडावरच, त्याच्या जागी बघायला मिळतो.

फ्लॅश आणि जुने फोटो

तीनबोटीच्या डोळ्यांत रंग आणि प्रखर उजेड पेलणाऱ्या शंकूपेशी नसतात, भर उन्हात त्याला नीट दिसत नाही. म्हणून फ्लॅश बंद ठेवा. लांबून झूम करून काढा, आणि तो तोंड फिरवून बसला तर फांदी हलवून त्याला इकडे वळवायला जाऊ नका.

स्लॉथ हातात घेतलेला जुना फोटो तुमच्याकडे असेल, तर तो पुढे पाठवू नका. इन्स्टाग्रामवर डिसेंबर 2017 पासून वन्यप्राण्यांसोबतच्या सेल्फीचे काही हॅशटॅग शोधले की प्राण्यांच्या छळाबद्दलची सूचना समोर येते. आधीच टाकलेला असेल, तर निदान जागेचा टॅग काढा, म्हणजे ते बघून आणखी कुणी त्याच माणसाचा पत्ता शोधत जाणार नाही.