दाखल्यावर सही करण्यापूर्वी: गोव्यातील नव्या पशुवैद्यांसाठी

पशुवैद्यकाची पदवी घेऊन गोव्यात व्यवसाय सुरू करणाऱ्याने सर्वांत आधी आपली नोंदणी पक्की करून घ्यावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार उपचार करण्याचा आणि कायद्याने लागणाऱ्या आरोग्य दाखल्यांवर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. नोंदणी दुसऱ्या राज्यात झालेली असेल तर नाव इथल्या नोंदवहीत वर्ग करून घेता येते; ते काम लवकर उरकावे आणि नूतनीकरणाची मुदत चुकवू नये. एवढे झाले की कागदपत्रांची बाजू सांभाळली गेली, पण खरी अडचण पुढेच उभी राहते, कारण दाखला मागायला येणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो.

सत्तरी तालुक्यातला एखादा शेतकरी कामधेनू योजनेखाली घेतलेल्या गायीच्या विम्याचा अर्ज घेऊन येतो आणि म्हणतो, “डॉक्टर, गाय तुम्ही परवाच पाहिली आहे, सही तेवढी करा.” अशा वेळी गोठ्यात जाऊन जनावर पुन्हा तपासावे आणि दाखल्यावर त्या तपासणीचीच तारीख घालावी. कानातल्या बिल्ल्यावर शेण वाळलेले असते. ते ओल्या फडक्याने पुसून ओळख क्रमांकाचे बाराही आकडे प्रत्यक्ष कानावरून वाचावेत, जुन्या कागदावरून उतरवू नयेत. रंग, शिंगांची ठेवण आणि दातांवरून दिसणारे वय ही आपण पाहिलेली माहिती. वेत आणि रोजचे दूध ही बहुतेकदा ऐकलेली. दोन्ही एकाच वाक्यात मिसळू नयेत आणि ऐकीव मजकुराआधी ‘मालकाच्या सांगण्यानुसार’ असे स्पष्ट लिहावे. रिकाम्या जागांवर रेघ ओढावी व एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. जनावर मरून पुरले गेले असेल, तर शवविच्छेदनाचा अहवाल कितीही आर्जवे झाली तरी देता येत नाही.

धिरयोत, म्हणजे बैलांच्या झुंजीत, जखमी झालेल्या बैलाबाबत गल्लत हमखास होते. उच्च न्यायालयाने १९९६ साली धिरयोंवर बंदी घातली, तरी पोटात शिंग घुसलेला बैल दारात येऊ शकतो. उपचार आधी करावेत. मालकाच्या वागण्याची शिक्षा जनावराला देणे मला तरी कोणत्याही आचारसंहितेत बसवता येत नाही. मात्र जखमेची जागा, लांबी, खोली आणि कडा जशा दिसल्या तशाच लिहाव्यात. ‘कुंपणाची तार लागली’ असे लिहून देण्याची विनंती झाल्यास ती नम्रपणे पण ठामपणे नाकारावी.

औषधाची चिठ्ठी हीसुद्धा सहीचाच कागद आहे. तीवर जनावराच्या मालकाचे नाव व पत्ता, औषधाची मात्रा, एकूण प्रमाण आणि तारीख असावी. कासदाहावर प्रतिजैविक दिल्यानंतर दूध किती दिवस वर्ज्य आहे, हे औषधाच्या वेष्टनावर पाहावे; तिथे मुदत दिलेली नसल्यास नियमांनुसार दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, तर मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. हे तोंडी सांगून भागत नाही, कारण औषध देताना गोठ्यात असतो एक आणि पहाटे डेअरीवर कॅन नेतो दुसराच. म्हणून दूध पुन्हा कोणत्या तारखेपासून घालायचे ती तारीख चिठ्ठीवर ठळक लिहावी. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गिधाडांच्या मृत्यूला कारण ठरल्यामुळे २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे, तेव्हा माणसांसाठीची बाटली आणून देण्याचा आग्रह झाला तरी ते वापरू नये.

राज्य सरकारने परवानगी दिलेल्या पदविकाधारक साहाय्यकाला लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक कामे करता येतात, पण नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीच. त्याच्या हाती आपण सही करून ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या देणे म्हणजे ही देखरेख नव्हे. औषध दुकानदाराकडून कमिशन घेऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

नकार दिला की शेतकरी कधीकधी चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. त्याच्यासमोर त्या सहकाऱ्याविषयी बोलू नये. मात्र कोणता दाखला मागितला होता आणि तो कोणत्या कारणास्तव दिला नाही, याची नोंद त्याच दिवशी रोजनाम्यात करावी. परिषदेकडे तक्रार गेलीच तर स्पष्टीकरणाला तीच नोंद उपयोगी पडते.