अंजिराचा चीक, ऊन आणि हातावरचे फोड

अंजीर देठापासून तोडले की पांढरा चीक टपकतो, मनगटावरून कोपराकडे ओघळतो आणि घामात मिसळून दिसेनासा होतो. त्या वेळी फारसे काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र नेमक्या त्याच ओघळाच्या रेषेत कातडी लाल होऊन तिची आग होऊ लागते आणि दोन-तीन दिवसांत टपोरे फोड येतात. पुरंदर तालुक्यात मीठा बहाराची तोडणी ऐन उन्हाळ्यात चालते. अशा वेळी हा त्रास ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणून अंगावर काढला जातो, हे बरे नव्हे.

अंजिराच्या पानांत आणि कोवळ्या फांद्यांच्या चिकात सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि त्यावर उन्हातील अतिनील किरण पडले की कातडी अक्षरशः भाजते. बिब्बा उततो तो उन्हाशिवायही. इथे चीक आणि ऊन दोन्ही लागतात. लिंबाच्या रसानेही असेच होते.

म्हणून चीक लागल्याचे लक्षात येताच सावलीत जाऊन साबण आणि भरपूर पाण्याने हात धुवावेत व तो भाग कपड्याने झाकावा. डोळ्यात चीक गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. आग सुरू झाली असेल तर थंड पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. बर्फ थेट लावू नये. फोड सुईने फोडू नयेत, कारण वरची पातळ कातडी हीच खालच्या जखमेचे आवरण असते. आपोआप फुटलेला फोड हलक्या हाताने धुऊन, व्हॅसलीन लावून, स्वच्छ पट्टीने झाकावा. हळद, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. लिंबू तर मुळीच नको. स्टेरॉइडचे मलम डॉक्टरांना विचारूनच वापरावे. फोड मोठ्या भागावर किंवा चेहऱ्यावर असतील, पू झाला असेल, ताप आला असेल किंवा लहान मुलाला त्रास होत असेल, तर घरी थांबू नये.

फोड बसल्यावर उरणारा काळपट डाग कित्येक आठवडे, कधी काही महिनेही टिकतो. तो घासून किंवा गोरेपणाच्या क्रीमने घालवायला जाऊ नये. उन्हापासून झाकून ठेवल्यास तो हळूहळू फिकट होतो. पुढच्या तोडणीला लांब बाह्यांचा शर्ट आणि रबरी हातमोजे घालावेत. चिकाने माखलेले कपडे मात्र घरच्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.