सेलिंग शिकताय? शब्दांच्या या चुका टाळा, नाहीतर बूम डोक्यात बसतोय

कोल्हापूरला समुद्र नाही, पण गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरला की आहेच की. सुट्टीत गोव्याला किंवा मुंबईला जाऊन सेलिंगचा, म्हणजे शिडाची होडी चालवायचा, बेसिक कोर्स करायचा म्हणून विचारणारी पोरं-पोरी आपल्याकडं पण भेटतात आता. पोहायला येतंय, रंकाळ्यावर बोटिंग केलंय, मग काय अवघड, असं वाटतं. आणि पहिल्या दिवशी होडीत बसल्यावर इन्स्ट्रक्टर ओरडायला लागतो, शीट सोड, लफ अप, बेअर अवे, रेडी अबाऊट, आणि आपण नुसतं बघत बसतो. मीडियम मराठी असो नाहीतर कॉन्व्हेंट, काय फरक पडत नाही, ही इंग्लिश इंग्लिशवाल्यांना पण येत नाही.

पहिली चूक घरातच होते. नेटवरून दोनशे-तीनशे शब्दांची पीडीएफ उतरवायची आणि एमपीएससीसारखी घोकायची. स्पिनेकर, मिझन, बोस्प्रिट असलं सगळं पाठ, आणि शिकायला मिळते ऑप्टिमिस्ट नाहीतर लेझर, म्हणजे एक डोलकाठी, एक शीड, संपलं. ऑप्टिमिस्ट तर २.३ मीटरची छोटी होडी, पोरांसाठीच केलेली. त्यात मिझन, म्हणजे मागची दुसरी डोलकाठी, कुठनं येणार? सुरुवातीला बो म्हणजे नाळ, होडीचं पुढचं टोक, स्टर्न म्हणजे मागचं टोक, पोर्ट, स्टारबोर्ड, मास्ट म्हणजे डोलकाठी, बूम म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, रडर म्हणजे सुकाणू, टिलर म्हणजे ते फिरवायचा दांडा, डॅगरबोर्ड म्हणजे होडीच्या मधनं पाण्यात सोडायची फळी, मेनशीट, हॅलयार्ड, विंडवर्ड, लीवर्ड, टॅक, जाइब, एवढे आले तरी बास. बाकीचे शब्द ती वस्तू हातात आली की आपोआप बसतात.

सगळ्यात मोठी गडबड: होडीचे शब्द आणि वाऱ्याचे शब्द एकात एक

हे नीट वाचा, कारण निम्मा गोंधळ इथंच आहे. काही शब्द होडीला चिकटलेले असतात आणि काही वाऱ्याला. पोर्ट म्हणजे नाळेकडं तोंड केल्यावर येणारी डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी, आणि तुम्ही पाठ फिरवून बसा नाहीतर आडवे पडा, त्या बाजू होडीच्या, तुमच्या नाहीत, त्यामुळं बदलत नाहीत. विंडवर्ड म्हणजे वारा जिकडनं येतोय ती बाजू, लीवर्ड म्हणजे जिकडं जातोय ती. होडी वळली की काल... काल कशाला, मिनिटापूर्वी जी विंडवर्ड बाजू होती ती लीवर्ड होऊन बसते. डावं-उजवं करून दोन्ही पाठ केलं की इन्स्ट्रक्टर म्हणतो ‘विंडवर्डला बस’ आणि गडी मघाशी बसलेल्या बाजूलाच बसून राहतो, होडी कलंडते.

यावर उपाय फुकट आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर जा, शालिनी पॅलेस समोर ठेवून उभं राहा आणि वारा कुठल्या गालाला, कुठल्या कानाला लागतोय ते बघा. आता स्वतःलाच होडी समजा आणि तोंडात म्हणा, वारा माझ्या पोर्टला आहे का स्टारबोर्डला. मग पूर्ण मागं फिरा आणि परत म्हणा. वारा आहे तिथंच आहे पण उत्तर उलटं आलं. लोक बघतील, बघू देत. भेळ खाताखाता केलं तरी चालतंय.

रंगांचं एक मराठी यमक आहे, ते धरून ठेवा: उजवा हिरवा. होडीचा स्टारबोर्डचा दिवा हिरवा, पोर्टचा लाल. आणि पोर्ट-स्टारबोर्डमध्ये गोंधळ होतोय म्हणून लाज वाटून घेऊ नका. पूर्वी इंग्रजांच्या जहाजांवर डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणायचे, ते वाऱ्यात स्टारबोर्डसारखंच ऐकू यायचं, म्हणून १८४४ मध्ये त्यांच्या नौदलानं हुकूम काढून पोर्ट हाच शब्द ठेवला. खलाशी लोकांची ही अवस्था, आपलं काय.

टॅक या एका शब्दानं वैताग

शिडाचा खालचा पुढचा कोपरा म्हणजे टॅक. नाळ वाऱ्यातनं पलीकडं नेऊन वळायचं ते पण टॅक. आणि होडी ‘स्टारबोर्ड टॅकवर’ आहे म्हणतात तेव्हा वारा स्टारबोर्डकडनं येतोय. इथं नवीन माणूस हमखास शीड कुठल्या बाजूला आहे ते बघून सांगतो आणि उलटं सांगतो, कारण स्टारबोर्ड टॅकवर बूम पोर्टकडं असतो.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही बरं का. समुद्रावर टक्कर टाळायचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात दोन शिडाच्या होड्या समोरासमोर आल्या आणि वारा वेगवेगळ्या बाजूनं असला तर पोर्ट टॅकवाल्यानं बाजूला व्हायचं असतं. दोघांचा टॅक एकच असेल तर विंडवर्डवाल्यानं. म्हणून समोरचा जोरात ‘स्टारबोर्ड!’ ओरडला तर तो तुम्हाला उजवीकडं वळ म्हणत नाहीये, तो म्हणतोय मी स्टारबोर्ड टॅकवर आहे, तू सरक. हे माहीत नसलेला घाबरून उजवीकडं वळवतो आणि मग काय व्हायचं ते होतं.

टॅक आणि जाइब यात पण गल्लत नको. टॅकमध्ये नाळ वाऱ्यातनं जाते, शीड फडफडतं, सगळं जरा सावकाश. जाइबमध्ये मागचं टोक वाऱ्यातनं जातं आणि बूम एका दमात इकडनं तिकडं येतो. त्यामुळं ‘जाइब हो’ ऐकू आलं की अर्थ आठवत बसू नका, आधी डोकं खाली.

शीट म्हणजे शीड नाही

ऐकायला जवळ आहे म्हणून ‘शीट सोड’ म्हटलं की लोक वर शिडाकडं बघतात. शीट ही दोरी आहे, शीड आत ओढायची आणि बाहेर सोडायची. शीड वर चढवायची दोरी ती हॅलयार्ड. हॅलयार्ड सोडलं तर अख्खं शीड खाली येईल, तेव्हा हे दोन तरी नीट लक्षात ठेवा. दोरी म्हणालात तर कुठली ते कळणार नाही, तिथं सगळ्या दोऱ्याच आहेत.

टिलरचं उलटं चालतं, बुलेटच्या हँडलसारखं नाही. टिलर डावीकडं ढकलला की नाळ उजवीकडं जाते. पण डावं-उजवं करूच नका हो. तुम्ही विंडवर्डला बसलाय, टिलर शिडाकडं ढकलला की नाळ वाऱ्याकडं जाते, त्याला लफ अप किंवा हेड अप म्हणतात, आणि टिलर स्वतःकडं ओढला की नाळ वाऱ्यापासनं लांब जाते, ते बेअर अवे. हालचालीबरोबर तोंडानं म्हणत राहिलं तर एका दुपारीत बसतं.

बारीकसारीक: ‘नॉट पर अवर’ म्हणू नका, नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल १८५२ मीटरचा. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडनं येणारा, पण पाण्याचा प्रवाह पूर्वेचा म्हटला तर तो पूर्वेकडं जाणारा, हे असंच आहे. लीवर्डचा उच्चार जुने लोक ‘लूअर्ड’ करतात, बोटस्वेनचा, म्हणजे जहाजावरच्या मुकादमाचा, ‘बोसन’, त्यामुळं वाचलेला शब्द कानावर ओळखू येत नाही. व्हिडिओ बघताना डोळे मिटून नुसतं ऐका एकदा.

आणि कळलं नसताना ‘हो सर’ करू नका. आपल्याकडं ही सवयच आहे, परत विचारलं तर समोरच्याला काय वाटेल. होडीत मात्र ‘रेडी अबाऊट’ला (टॅक करायला तयार का?) क्रूनं ‘रेडी’ म्हटलं की हेल्म्समन, म्हणजे टिलर धरणारा, ‘ली हो’ म्हणून वळवतोच. तुमची तयारी नसेल तर ‘नॉट रेडी’ म्हणा, नाहीतर सरळ मराठीत ‘थांबा’.

एवढं करून पण ऐन वेळी सगळे शब्द उडाले तर शीट हातातनं सोडा आणि टिलर शिडाकडं ढकला, होडी वाऱ्याकडं तोंड करून मंदावते. फक्त वारा पाठीमागनं असेल तर शीड आधीच बाहेर सुटलेलं असतं, तिथं शीट सोडून फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी टिलर शिडाकडंच, पण हळूहळू, झटका न देता.