डिझेल जीप: चावी फिरवताच ऑइल प्रेशरचा काटा थेट शेवटाला

इंजिन बंद, फक्त चावी ऑन, तरी काटा १० बारवर. मीटर बदलला, वायर बदलली, वैताग आला. दोष सेंडरच्या (ऑइलचा दाब मोजून मीटरला सिग्नल देणारा सेन्सर) अर्थिंगचा होता: आट्यांवरच्या टेफ्लॉन टेपमुळे सेंडरच्या बॉडीचा इंजिन ब्लॉकशी संपर्कच नव्हता. १०–१८० ओहमच्या सेंडरमध्ये दाब वाढला की ओहम वाढतात, म्हणून सर्किट तुटलं की मीटर फुल दाखवतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. थंड इंजिनवर सेंडर खोलून टेप पूर्ण खरवडली, पहिले दोन आटे कोरडे ठेवून पुढे पातळ थ्रेड सीलंट लावलं. सेंडर बॉडी ते ब्लॉक मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य ओहम, टर्मिनल ते बॉडी सुमारे १० ओहम, म्हणजे शून्य दाब. मग वायर, शेवटी बॅटरी.

सेंडर होज लावून लांब बसवला असेल तर बॉडीला क्लॅम्पने वेगळी अर्थ वायर द्याच. सेंडर पितळी टी-वर (तीन तोंडांचा जोड) लटकवू नका, डिझेल इंजिनच्या थरथरीने टी मुळाशी तडकतो.