गोठ्यापुढचं शेत कसं पेरायचं

नाताळच्या गोठ्यात प्लॅस्टिकचं गवत अंथरलेलं मला बघवत नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हा खरा चारा होता, खरा बैल आणि खरं गाढव होतं. बैल-गाढव राहू द्या, पण गवत तरी खरं असावं. आम्ही वसईकर, वाडीतली माणसं. मूठभर धान्य रुजवायला आपल्याला काय जड आहे?

आधी तारीख ठरवा, कारण घोळ तिथेच होतो. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये संत बार्बराच्या दिवशी, ४ डिसेंबरला, तीन बशांमध्ये गहू पेरतात आणि नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मांडतात. ते वाचून आपल्याकडेही ४ तारखेला पेरणारे आहेत. पण वसईच्या डिसेंबरला थंडी म्हणायची ती पहाटेपुरती. वीस दिवसांत पाती लांबून आडवी पडतात, पिवळी होतात. क्रोएशियात संत लुसीच्या दिवशी, १३ डिसेंबरला पेरतात. ती तारीख आपल्याला बरोबर बसते. ज्यांच्या घरी नवरात्रात घट बसतात त्यांना हा हिशेब सांगायला नको, नऊ दिवसांत धान किती वर येतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. गहू आणि नाचणी १३ किंवा १४ ला, मेथी १८ च्या सुमारास. भात हवा असेल तर सालासकट घ्या आणि चार-पाच दिवस आधी सुरू करा, तो आळशी आहे.

गहू घरात दळायला आणता तोच चालतो. कृषी केंद्रातलं गुलाबी रंगाचं बियाणं आणू नका; त्याला औषध चोळलेलं असतं आणि गोठ्यात मुलं हात घालणारच. गहू रात्रभर भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी पांढरं टोक दिसलं की पेरा. टोक दिसलं नाही तर दाणे जुने आहेत, दुसरे घ्या.

जुनं पसरट ताट किंवा पत्र्याचा ट्रे घ्या. चाळलेल्या मातीचा दोन बोटं थर द्या आणि शेताचे बांध आत्ताच, ओल्या चिखलाने घाला. गवत उगवल्यावर बांध घालायला गेलात की सगळं उपटून येतं. एका वाफ्यात गहू, दुसऱ्यात नाचणी. नाचणीचं गवत बारीक आणि बुटकं, म्हणून ती पुढे. गहू मागे, देखाव्यातल्या डोंगराच्या पायथ्याशी. दाण्याला दाणा टेकेल इतकं दाट पेरा, पण ढीग नको. वरून माती नुसती भुरभुरायची. दोन दिवस ओलं गोणपाट झाकून ठेवा, मग खिडकीत आणा, पण दुपारच्या उन्हात नको.

पाणी हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतायचं नाही. ताटाला भोकं नसतात, पाणी साठलं की दाणे कुजतात, आंबूस वास येतो, पांढरी बुरशी धरते. वास आलाच तर एक दिवस पाणी बंद करून पंख्याखाली ठेवा.

थोडी हौस असेल तर एका वाटीत ओल्या कापसावर गहू घालून ती कपाटात, काळोखात ठेवा. माल्टामध्ये असेच अंकुर वाढवतात, त्यांना जुलबिएना म्हणतात. उजेड न मिळाल्याने ते फिकट, जवळजवळ पांढरे होतात आणि बाळ येशूच्या मूर्तीभोवती मांडतात. हिरव्या शेताशेजारी ही वाटी फार खुलते. २३ ला बाहेर काढा, आधी नको, उजेडात हिरवी व्हायला लागते.

क्रोएशियातली माणसं गव्हाच्या मधोमध मेणबत्ती लावतात आणि पात्यांना लाल-पांढरी-निळी फीत बांधतात. तुम्हालाही लावायची असेल तर पेरतानाच मधे एक वाटी दाबून जागा सोडा. कापसाच्या वाटीत मात्र मेणबत्ती अजिबात नको. गोठ्यात पेंढा असतो, ठिणगी पुरते.

२३ ला रात्री कात्रीने पाती एकसारखी करा. कुठे विरळ उगवलं असेल तर तिथे आरशाचा तुकडा ठेवून बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, करा, बदकं हवीतच. बाळ येशूची गव्हाणी मात्र चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे उपासनेपर्यंत, रिकामी ठेवायची.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की गोठा उतरवा. तोवर गवत मरगळलेलं असतं, पण शेळीला चालतं. माती नारळाच्या आळ्यात टाका आणि ताट घासून वर ठेवा.