विषयातला ‘च’: इंदुरातल्या शाळकरी वादविवाद चमूची वर्षभराची तयारी

जूनच्या मध्यात शाळा उघडतात आणि 1 ऑगस्टला टिळक पुण्यतिथी येते. म्हणजे पहिल्या स्पर्धेला जेमतेम सहा आठवडे. मग अहिल्याबाईंची पुण्यतिथी, 14 सप्टेंबरचा हिंदी दिवस, मागेपुढे गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धा, 26 नोव्हेंबरचा संविधान दिन आणि 12 जानेवारीची विवेकानंद जयंती. तिथे थांबायचं, कारण फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा असते आणि घरचे परवानगी देत नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सहा मुलं निवडा: दोन जोड्या, दोन राखीव. शक्यतो नववी आणि अकरावीची, कारण दहावी-बारावीची मुलं दिवाळीनंतर क्लासच्या नावाखाली गळतात. पाठ भाषण ऐकून निवड करू नका. चिठ्ठी उचलायला लावा, तीन मिनिटं विचाराला द्या, दोन मिनिटं बोलू द्या आणि बोलणं संपताच एक उलट प्रश्न टाका. प्रश्न पुरता ऐकून मग तोंड उघडणारा मुलगा घ्यावा. आवाज दोन महिन्यांत कमावता येतो, ऐकायची सवय लागायला वर्ष जातं.

विषय हाती आला की मुलं थेट मोबाइल उघडतात. त्याआधी विषयाचं वाक्य फळ्यावर लिहून त्यातला एकेक शब्द तपासा. ‘मोबाइल: शाप की वरदान’ हा वादाचा विषयच नाही, त्यावर दोन्हीकडून गोड बोलून मोकळं होता येतं. ‘शहरात बससाठी वेगळी मार्गिका असलीच पाहिजे’ हा मात्र खरा विषय, आणि त्याचा जीव ‘असलीच’मधल्या ‘च’त आहे. अनुकूल बाजूला ‘असावी’ म्हणून भागत नाही, तिच्याशिवाय चालणारच नाही हे दाखवावं लागतं. प्रतिकूल बाजूचं काम त्या मानाने सोपं: वेगळ्या मार्गिकेशिवाय बस नीट चालेल अशी एक परिस्थिती दाखवली, तरी ‘च’ खिळखिळा होतो.

याच विषयावर इंदूरचा मुलगा बीआरटीएसचं, म्हणजे शहरातल्या बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गाचं, उदाहरण देणार, हे ठरलेलं. मार्ग 2013 साली सुरू झाला, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत सुमारे 11 किलोमीटर; फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो काढायला मुभा दिली. प्रतिकूल बाजू म्हणेल, ‘न्यायालयानेच काढायला सांगितलं, म्हणजे कल्पनाच फसली.’ ‘नाही, बीआरटीएस खूप चांगली होती’ हे याचं उत्तर नव्हे. उत्तर असं बांधा: ‘माझे मित्र म्हणतात, मार्ग निघाला म्हणजे कल्पना चुकली. पण निर्णय एका शहरातल्या एका मार्गाबद्दल आहे, आपला विषय सगळ्या शहरांबद्दल. बस गर्दीत अडकली तर तिच्यातला माणूस दुचाकी घेतो आणि गर्दी आणखी वाढते, हे कारण तसंच उभं आहे.’ त्यांचा मुद्दा एका वाक्यात, प्रामाणिकपणे, मग ‘पण’, मग कारण. एका खंडनाला वीस-पंचवीस सेकंद, पाच मिनिटांत अशी दोनच. तिसऱ्याच्या मोहात स्वतःचे मुद्दे अर्धवट राहतात.

टिपणासाठी कोरा कागद उभा दुमडा. डावीकडे समोरच्याचा मुद्दा निळ्या शाईने, उजवीकडे त्याच ओळीत उत्तर लाल शाईने. वाक्यं लिहू नका, तीन शब्द पुरेत. क्रमाच्या चिठ्ठीत पहिला नंबर आला तर खंडन करायला समोर कोणी बोललेलंच नसतं, म्हणून ‘आता असं म्हटलं जाईल की…’ या सुरुवातीचा चाळीस सेकंदांचा तुकडा प्रत्येकाकडे तयार हवा. आणि जोडीतल्या दोघांनी दोन्ही बाजू तयार कराव्यात. आयत्या वेळी बाजूही चिठ्ठीने ठरते, असं होतं.

पाच मिनिटांचं भाषण 480 ते 500 शब्दांचं लिहा. घरी ते साडेचार मिनिटांत संपायला हवं, कारण मंचावर टाळ्या, माइक आणि धडधड उरलेला वेळ खातात. ‘आदरणीय व्यासपीठ, विद्वान परीक्षक, उपस्थित रसिक’ ही लांबण लावली की पाऊण मिनिट गेलंच. ‘अध्यक्ष महोदय आणि मित्रांनो’ एवढं बास. शेवटाला शेर टाकायची इंदूरला फार हौस. गुण युक्तिवादाला असतात, वाहवाला नाही.

आता खास आपल्याकडचा घोळ. शाळेत हिंदीत बोललेलं भाषण मुलं गणपतीत मराठी करून म्हणतात आणि शब्द तेच ठेवतात. ‘प्रत्येक मुलाला शिक्षा मिळालीच पाहिजे’ म्हटल्यावर सभागृह हसतं आणि मुलाला कळत नाही का. हिंदीतली शिक्षा म्हणजे आपलं शिक्षण. ‘संविधान संशोधन’ला घटनादुरुस्ती म्हणायचं, ‘आपत्ति’ला आक्षेप, ‘प्रकृति’ला निसर्ग; नाहीतर ‘प्रकृती वाचवा’ ऐकून लोक डॉक्टर आठवतात. हिंदीतलं ‘पक्ष-विपक्ष’ इथे अनुकूल-प्रतिकूल होतं. ‘पाणी वाया जाऊन राहिलंय’ घरी चालतं, नागपूरचा परीक्षक असेल तर तोही सोडून देईल, पण मंचावर ‘वाया जातंय’च म्हणा. भाषांतर करू नका: मुद्द्यांच्या चिठ्ठ्या घ्या आणि मराठीत नव्याने बोलून मग लिहा.

स्पर्धेच्या दिवशी ओळखपत्र, मुख्याध्यापकांचा शिक्का असलेलं पत्र, दोन पेनं आणि घड्याळ एका फाइलमध्ये. सकाळी पोहे खा, जिलेबी परतताना. गोड खाऊन घसा चिकटतो. शेव आणि गार पाणी टाळा. माइकची उंची बोलायच्या आधी लावून घ्या आणि तोंड चार-पाच बोटं लांब ठेवा, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ फुटतात. पहिली घंटा इशाऱ्याची असते. ती वाजली की चालू मुद्दा दोन वाक्यांत आवरून समारोपाला या. दुसऱ्या घंटेनंतर बोललात तर बहुतेक ठिकाणी गुण कापतात.

निकालानंतर परीक्षकांना ‘सर, कसं झालं?’ विचारू नका, ‘छान’ एवढंच मिळतं. ‘माझा कुठला मुद्दा खोडला गेला?’ असं विचारा आणि उत्तर त्याच दुमडलेल्या कागदावर तारीख घालून लिहून ठेवा.